शोधून दाखवा

माझ्या मावशीने पस्तीस वर्षं काम केलं आणि त्यातलं एकही काम कुणाला दिसलं नाही. ही तक्रार नाही. तिच्या धंद्यात यालाच चांगलं काम म्हणतात. ती रफू करायची. कोटाला कसर लागली, सिगारेटने भोक पडलं, खिळ्यात अडकून बाही फाटली, की माणसं लाँड्रीच्या दुकानात यायची, आणि मागच्या खोलीत खिडकीपाशी बसलेली मावशी ते भोक पार नाहीसं करून टाकायची. तिच्याबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते. कारण तिच्याबद्दल खरं लिहायचं तर तिच्या शेवटच्या मोठ्या कामाचं मी काय केलं तेही लिहावं लागतं, आणि ते आठवलं की अजूनही माझे कान गरम होतात.

तर आधी मावशी. माझ्या आईची थोरली बहीण. उंचीला बेताची, बोलायला फटकळ, नाकावर माशी बसू न देणारी. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "दिवसभर लोकांचं फाटलेलं सांधते, घरी जाऊन आणखी कुणाचं सांधू?" दुकानाचा पुढचा भाग वाफेचा, इस्त्र्यांचा आणि आरडाओरडीचा. मागची खोली तिची. एक टेबल, एक खुर्ची, सुयांचा पत्र्याचा डबा, गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग, आणि डाव्या हाताला मोठी खिडकी. रफूसाठी ती दोरा कधी विकत आणायची नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून एकेक धागा उपसायची आणि त्यानेच भोक विणून काढायची. रंग जुळवायचा प्रश्नच यायचा नाही.

गिऱ्हाईक कपडा न्यायला आलं की हमखास विचारायचं, "कुठे होतं हो भोक?" मावशी कपडा पुढे सरकवायची आणि म्हणायची, "शोधून दाखवा." एका जाडजूड वकिलाने त्याचा कोट सात वेळा उलटासुलटा केला आणि शेवटी भलत्याच बाहीवर बोट ठेवलं. ही गोष्ट तिने पुढची वीस वर्षं सांगितली. दुकानाचा मालक कुरकुरायचा, "बाई, जरा तरी खूण ठेवत जा. गिऱ्हाईकाला वाटतं आपण दुसराच कोट दिला." मावशी म्हणायची, "मग तसं वाटू दे."

माझ्या आईचं बरोबर उलट. ती एका कचेरीत टायपिस्ट होती आणि सुई-दोऱ्याशी तिचं वाकडं होतं. तिने लावलेलं बटण शाळेच्या फाटकापर्यंत टिकलं तर नशीब. मावशी ते बटण बघून कपाळाला हात लावायची, "धाकटे, हा टाका आहे की मुंग्यांची मारामारी?" आणि आई हसायची. आई हसायला लागली की थांबायची नाही. टेबलावर डोकं टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बहिणीने केलेली चेष्टा तिला सगळ्यात जास्त आवडायची.

शाळेला सुट्टी लागली की आई कचेरीत जाताना मला मावशीकडे सोडायची. मी बारा वर्षांची असताना मावशीने माझ्या हातात पहिल्यांदा सुई दिली. तिचे नियम थोडे होते आणि त्यात सूट नव्हती. गाठ मारायची नाही, दोऱ्याचं टोक आधीच्या टाक्यांखाली दडवायचं. उलटी बाजू सुलट बाजूसारखी दिसली पाहिजे. आणि उसवायला आलं पाहिजे. मावशीच्या मते भरणं कुणालाही येतं, उसवणं शिकावं लागतं. मागच्या बाजूने एकेक टाका कापायचा, चिमट्याने धागा ओढायचा, तो फेकायचा नाही, बाटलीत ठेवायचा. मग सुईने पडलेली भोकं नखाने आडवी-उभी घासायची, किटलीची वाफ द्यायची, चमच्याच्या पाठीने दाबायचं. "कापडाला आठवण राहता कामा नये," ती म्हणायची. मी तासन्तास रुमाल भरायची आणि तासन्तास उसवायची.

शाबासकी नावाचा प्रकार मावशीकडे नव्हता. "हं" म्हणजे परत कर. काहीच न बोलणं म्हणजे बरं आहे. "चालेल" म्हणाली तर मी घरी उड्या मारत जायची. "उत्तम" हा शब्द तिच्या तोंडून मी एकदाच ऐकला होता, तोही एका सुईबद्दल.

पुढे मी याच हातावर नाव कमावलं. रफूत नव्हे, भरतकामात. आता भरतकाम म्हटलं की लोकांना उशीच्या अभ्र्यावरची फुलं आठवतात, पण आमचा गट वेगळा आहे. आमच्यातली एकजण गाळण्यांच्या जाळीवर चेहरे भरते. एक निवृत्त बस-ड्रायव्हर जुन्या ट्यूबच्या रबरावर पाखरं भरतो. मी भिंतींना गेलेले तडे भरते. घराघरांत जाते, तड्यांवर कागद ठेवून त्यांची नक्कल उतरवते आणि तेवढ्याच लांबीचे तडे लिननवर राखाडी रेशमाने भरते. वर्तमानपत्रात फोटो आले, व्याख्यानांना बोलावणी आली. हे सगळं माझ्या थोडं डोक्यात गेलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मावशी आमच्या पहिल्या प्रदर्शनाला आली तेव्हा तिचं दुकान बंद होऊन वर्ष झालं होतं. फाटलेलं सांधून घेणारी माणसंच उरली नव्हती. तिने सगळं दालन हात मागे बांधून फिरून बघितलं. माझ्या तड्यांसमोर उभी राहिली. "हं," म्हणाली. गाळण्यांसमोर जरा जास्त वेळ थांबली. मग मला हळूच म्हणाली, "छान आहे. पण आता ही बाई चहा कशाने गाळत असेल?"

मला वाटलं, संपलं. पण पंधरा दिवसांनी ती आईला घेऊन माझ्या घरी आली आणि पांढरा रुमाल टेबलावर टाकून म्हणाली, "हे बघ जरा." रुमालावर शाईचा डाग होता. मोठा, कडेला फिकट होत गेलेला. मी तो घेऊन नळाकडे धावले, पाणी सोडणार एवढ्यात बोटाला दोरा लागला. तो डाग भरलेला होता. निळ्याच्या सात-आठ छटा, एकही टाका दिसत नव्हता. मागे वळले तर मावशी आणि आई एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून हसत होत्या. आईला आधीच सांगून ठेवलं होतं तिने.

"पस्तीस वर्षं लोकांचे डाग घालवले," मावशी म्हणाली. "भोकांबरोबर डागही यायचे. सगळे ध्यानात आहेत माझ्या. म्हटलं, आता परत करावेत."

आणि ती खरंच परत करत सुटली. नवऱ्याने हौसेने बायकोच्या झग्याला इस्त्री केली तेव्हाचा करपलेला त्रिकोण. शाळामास्तरच्या खिशातली लाल शाई. एकाच कॉलरला दर महिन्याला लागणारी लिपस्टिक, जिच्याबद्दल मावशीने दुकानात मूग गिळले होते आणि आताही नाव सांगितलं नाही. मेणबत्तीचं मेण, गंजलेल्या चापाचा ठसा, बाळाने ओकलेलं दूध. मोतीबिंदू वाढत चालला होता, भिंगाशिवाय भागत नव्हतं, पण हात तोच. खरं सांगते, आमच्या सबंध गटात असं काही कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही. त्याचा मला आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ थोडी पोटदुखीही.

त्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं. मी तिला माझ्याकडे आणलं.

आता ती दुपार सांगते. एका मोठ्या कलादालनाच्या दोघी जणी माझं काम बघायला घरी आल्या होत्या. त्यांच्याकडे प्रदर्शन मिळावं म्हणून मी चार दिवस घर आवरत होते. टेबलावर आईच्या घरचा पांढराशुभ्र टेबलक्लॉथ घातला होता. आई टेबलाच्या टोकाला तिच्या खुर्चीत होती. तिला आतल्या खोलीत बसवावं असं माझ्या मनात येऊन गेलं होतं, पण मी तसं केलं नाही आणि त्याबद्दल स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती. त्या दोघी तड्यांबद्दल बोलत होत्या. आईने डाव्या हाताने कप उचलला आणि तो कलंडला. सगळा चहा टेबलक्लॉथवर.

कुणी काही बोलायच्या आत मी उठले, कपाटावरची फुलदाणी उचलली आणि डागाच्या मधोमध आणून ठेवली. आईची बाही भिजली होती. ती पुसायच्या आधी फुलदाणी. डाग मोठा होता, फुलदाणीच्या चारी बाजूंनी बाहेर दिसतच होता. तरी मी खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हां, तर तुम्ही काय म्हणत होता?"

आई माझ्याकडे बघत होती. तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं असायचं, चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडते आहे. मी तिच्याकडे पुन्हा बघितलं नाही.

संध्याकाळी मावशी आली आणि टेबलक्लॉथ घेऊन गेली. डाग तिने घालवला, ते सांगायलाच नको. पण कापड परत दिलं नाही. "राहू दे माझ्याकडे. यावर काहीतरी करीन म्हणते." तीन महिन्यांनी आईला मी शुश्रूषागृहात ठेवलं. प्रदर्शन मिळालं होतं, कामं वाढली होती, आईला सांभाळायला दिवसाची बाई टिकत नव्हती. तिला तिथे ठेवण्याचा आणि त्या चहाचा काही संबंध नाही असं मी स्वतःला सांगत आले आहे. मी रविवारी जायची, आणि तेही दर रविवारी नाही. मावशी दर बुधवारी, कापडी पिशवी घेऊन, दोन बस बदलून. तिथली परिचारिका मला एकदा म्हणाली, "तुमची मावशी आली की या दोघी दार लावून घेतात. काय करतात कुणास ठाऊक, आम्हाला आत येऊ देत नाहीत." मी म्हटलं, करत असतील गप्पा. बोलता न येणाऱ्या बाईशी दोन-दोन तास कसल्या गप्पा, हा प्रश्न मला पडला नाही.

आई पुढच्या वर्षी गेली.

त्यानंतर आठ महिन्यांनी आमच्या गटाचं मोठं प्रदर्शन ठरलं. मांडणी माझ्याकडे होती. मावशी म्हणाली, टेबलक्लॉथ पूर्ण झालाय. तोवर तिने तो मला उघडून दाखवला नव्हता. अट एकच घातली: भिंतीवर टांगायचा नाही, टेबलावर अंथरायचा आणि भोवती खुर्च्या मांडायच्या. मग तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून इस्त्री करायला कापड माझ्याकडे देऊन ती गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, "नीट बघ हं. सावकाश बघ." मला वाटलं, इस्त्रीबद्दल म्हणते आहे.

मी ते कापड माझ्या कामाच्या टेबलावर पसरलं आणि खरंच बसून राहिले. तेवीस डाग. तेवीस घरं. एका टेबलाभोवती कोणी कोणी बसून गेल्यासारखे. बावीस डागांवर माझी बोटं फिरली तरी एक टाका हाताला लागला नाही. तेविसावा एका टोकाला होता. चहाचा डाग. टाके वेडेवाकडे, एक बोटभर लांब, दुसरा तांदळाएवढा, कुठे दोरा ओढून कापडाला सुरकुती, कुठे सैल. कडेची रेघ डगमगत गेलेली. आणि मधे चक्क वाटीएवढा गोल कोरा, भरायचा राहून गेलेला. मी कापड उलटं केलं. मागे गाठी होत्या.

मावशीच्या कामात गाठी. तिथेच मी थांबायला हवं होतं. जी बाई गाठ दिसली की माझ्या बोटावर फूटपट्टी मारायची, ती डोळे गेले म्हणून गाठी मारणार नाही; डोळे मिटूनही तिच्या हातून गाठ झाली नसती. एवढी साधी गोष्ट मला कळायला हवी होती. मला वाटलं काय, तर मावशी थकली. दिसेनासं झालं, मधला भाग भरायचा विसरली. आणि लगेच पुढचा विचार आला तो असा: लोक म्हणतील, हिची मावशी, हिने लोकांसमोर मांडलं, हिला दिसलं नाही का? त्या कलादालनाच्या बाई येणार होत्या. मावशीची लाज झाकायची असं मी स्वतःला सांगितलं. झाकायची होती माझी.

दोन दुपारी लागल्या. मागून एकेक टाका कापला, चिमट्याने ओढला. नखाने घासलं, वाफ दिली, चमच्याने दाबलं. भोकं बुजली. मग तपकिरीच्या सहा छटा काढून मी तो डाग नव्याने भरला, कडेला गडद, आत फिकट, अगदी मावशीच्या हातचा. मधला गोलही भरून टाकला. उसवलेला दोरा टेबलावर गोळा झाला होता, छोटे छोटे कुरळे तुकडे. बाटली हाताशी नव्हती. मी ते झाडून कचऱ्यात टाकले. काम संपल्यावर हात झटकले आणि पुण्य केल्यासारखं वाटून मी छान झोपले, हेही लिहून ठेवते.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी मावशी काळा चष्मा लावून, ठेवणीतले कपडे घालून आली. टेबलाभोवती गर्दी होती. लोक डागांना हात लावून बघत होते, एकमेकांना आपापल्या घरातले डाग सांगत होते. कलादालनाच्या त्या दोघींतली एक म्हणाली, "हा चहाचा किती सफाईदार आहे! खरं वाटतं, आत्ताच सांडलाय." मला इतकं बरं वाटलं की मी मावशीकडे बघून हसले.

मावशी माझ्याकडे बघत नव्हती. ती टेबलाच्या त्या टोकाला गेली, खुर्ची ओढून बसली. कुठल्या टोकाला ती बसली आहे हे माझ्या तेव्हाही लक्षात आलं नाही. तिने चष्मा काढला. नव्या डोळ्याने बघितलं. मग अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, मधोमध येऊन थांबला. कापडाची कड उचलून उलटी बाजू बघितली.

"हा टाका तुझा आहे," ती म्हणाली.

मी खाली वाकले, लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून. "मावशी, अगं, तिथे थोडं बिघडलं होतं. डोळ्यांमुळे झालं असेल. मी फक्त नीट केलं. कुणाला कळलं नाही."

"उसवलेला दोरा कुठाय?"

"टाकला."

ती अगदी हळू म्हणाली, "तो धाकटीचा होता."

मला कळलं नाही. म्हणजे शब्द कळले.

"अकरा बुधवार," मावशी म्हणाली. "मी रिंग धरायची, ती डाव्या हाताने सुई घालायची. टोचून घ्यायची, परत घालायची. गाठी मी मारू दिल्या, म्हटलं, धाकटे, तुला सगळं माफ. डाग तिनेच निवडला. मी म्हटलं, कुठला भरतेस? तर तिने कपाची खूण केली, मग हाताने असा गोल केला आणि हसत सुटली. तुझी फुलदाणी गं. तू धावत जाऊन फुलदाणी आणलीस ना त्या दिवशी, त्याचं तिला इतकं हसू आलं होतं. तुझा चेहरा करून दाखवायची मला."

"ती रडत होती," मी म्हणाले. "मी बघितलं."

"हसत होती. खांदे हलायचे तिचे हसताना. आता तोंडच वाकडं, कळणार कसं? मी म्हटलं, पोरीला सांगू का, तू भरते आहेस म्हणून? तर तिने ओठांवर बोट ठेवलं. तुला प्रदर्शनात बघून ओळखायचं होतं. फुलदाणीची जागा बघितलीस की तू हसशील, असं होतं तिच्या डोक्यात. तेवढ्यासाठी मधला गोल सोडला होता. सोडणंच तिला सगळ्यात जड गेलं, सारखी सुई आत जायची."

टेबलावर ते टोक आईचं होतं. डाग पडला होता तिथेच, त्याच जागेवर तिने तो परत भरला होता. मला त्या क्षणी धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, आणि समोर लोक वाकून वाकून माझ्या टाक्यांना नावाजत होते. आईने मला हसवायला ठेवलेली वाटीएवढी जागा मी सहा छटांनी बुजवली होती.

मावशी ओरडली नाही. ओरडली असती तर मी तिच्या पायाशी बसले असते. तिने चष्मा लावला आणि म्हणाली, "संपलं की कापड घरी आण."

प्रदर्शन दहा दिवस चाललं. दहा दिवस मी त्या टेबलाजवळ उभी होते. चहाच्या डागाचे सगळ्यात जास्त फोटो निघाले. दरवेळी कुणी "कसं काय केलं हो?" विचारलं की माझी मान खाली जायची, आणि लोकांना तो विनय वाटायचा.

अकराव्या दिवशी सकाळी मी कापड घेऊन मावशीकडे गेले. तिने ते खिडकीत घेतलं आणि माझे टाके उसवायला बसली. मागच्या बाजूने, एकेक. माझा दोरा तिने बाटलीत ठेवला. दुपार झाली तेव्हा तिथे पांढरं कापड होतं आणि त्यावर माझ्या सुईची बारीक भोकं, दाट, एकसारखी. ती तिने नखाने घासली नाहीत. गळ्यातलं भिंग काढून माझ्या हातात दिलं.

"ही तुझी भोकं. यांच्या मधे धाकटीचं असेल तर शोधून दाखव," ती म्हणाली. "वाकडं असेल, मोठं असेल, कळेल तुला. एक सापडलं तरी पुरे. तिथून सुरुवात धरून मी आठवून आठवून भरीन. पण सुरुवात तिची पाहिजे."

मी खिडकीत बसले. कापड आडवं धरलं, उभं धरलं, उजेडासमोर ताणलं. भिंगातून धागान् धागा बघितला. माझी भोकं मोजता येतील इतकी स्वच्छ दिसत होती. त्यांच्या आजूबाजूला, मधल्या गोलात, कडेला, जिथे आईची रेघ डगमगत गेली होती तिथे, सगळीकडे कापड जसं गिरणीतून यावं तसं होतं. मावशी समोर बसून होती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा मी कापड बाजूला धरलं, ओलं होऊ नये म्हणून. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. उजेड उतरेपर्यंत मी शोधत होते.

"नाही सापडत," मी म्हणाले.

मावशीने कापड माझ्या हातातून घेतलं. त्या जागेवर अंगठा फिरवला, खिडकीकडे धरलं, उलटं करून बघितलं. मला मनातून वाटत होतं की तिने आता बोलावं, लागेल असं काहीतरी.

"उत्तम काम केलंस," ती म्हणाली.

टोमणा नव्हता तो. आवाजात रागही नव्हता. काम बघून रफूवालीने दिलेलं मत होतं, आणि बारा वर्षांची असल्यापासून मी तेवढं एकच ऐकायला तिच्या दारात येत होते.